उंबराचे न दिसणारे फूल

उंबराला फूल येत नाही, आलेच तर ते मध्यरात्री क्षणभर उमलते आणि ज्याच्या दृष्टीस पडेल त्याच्या घरी लक्ष्मी पाणी भरते, ही आपल्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली समजूत निव्वळ अज्ञानातून उपजली असे म्हणणे अन्यायाचे होईल. कारण खोडाला आणि जाड फांद्यांना फळांचे घोस लगडलेले असताना त्यांच्याआधीचा मोहोर मात्र कोणत्याही ऋतूत दिसत नाही, हे निरीक्षण यथार्थच आहे. चूक आहे ती अनुमानात. ज्याला आपण फळ म्हणतो तोच उंबराचा पुष्पसंभार होय. मांसल पुष्पाधार आतल्या बाजूस वळून पेल्यासारखा मिटलेला असतो आणि त्याच्या पोकळीत हजारो सूक्ष्म फुले दाटीने वसलेली असतात.

या पोकळीत परागकण पोहोचवण्याचे काम गांधीलमाशीच्या गणातील सेराटोसोलेन फ्युसिसेप्स नावाचे चिमुकले चिलट करते. गंधाच्या मागोव्याने आलेली मादी फळाच्या टोकावरील चिंचोळ्या वाटेने आत शिरते, त्या धडपडीत पंख गमावते, सोबत आणलेले पराग फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तेथेच देह ठेवते. काही आठवड्यांनी नवी पिढी तयार झाली की पंखहीन नर आधी आपापल्या फुलांतून बाहेर पडून फळाच्या आतच माद्यांशी समागम करतात, फळाच्या भिंतीला भोक पाडतात आणि मरतात; माद्या मात्र नवे पराग घेऊन उडून जातात. उंबर फोडताच चिलटे दिसली म्हणजे फळ किडले, हाही म्हणूनच गैरसमज आहे. त्या चिलटांवाचून उंबराला बीजच धरणार नाही.

उंबराखाली पाणी असते हा समज, ज्याला वराहमिहिराच्या बृहत्संहितेचाही दाखला आहे, अर्धा खरा मानावा. कारण ओढ्यानदीकाठी हे झाड स्वभावतःच वाढते, पण म्हणून प्रत्येक उंबराखाली पाणी असेलच असे नाही.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेनी बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, कन्नडिग ज्याला अत्ती म्हणतात त्या याच वृक्षाचा आणि त्याच्या कीटकांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. त्याच संस्थेतील लक्ष्मीनाथ कुंदनाटी व नम्रता गुंडय्या यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेले संशोधन तर विस्मयकारक आहे: या फळात आगंतुकासारखी, बाहेरूनच अंडी घालणारी दुसरी एक परजीवी माशी केसाहून बारीक अशा ज्या अवयवाने कठीण साल भेदते, त्याच्या दातेरी टोकाला जस्ताची बळकटी असते.

परागवाहक मादीचे आयुष्य मात्र एकदोन दिवसांचेच, आणि एका झाडावरचा बहर बहुधा एकाच वेळी पिकत असल्याने तेवढ्या मुदतीत तिला योग्य अवस्थेतील दुसरे झाड गाठावे लागते. आफ्रिकेतील नामिबियात उंबराच्याच एका भाईबंदाची चिलटे वाऱ्यावर 160 किलोमीटरपर्यंत पराग नेतात, असे 2009 साली दिसून आले खरे. परंतु म्हणून आपल्या शहरांनी निर्धास्त राहावे असे नव्हे, कारण वर्षभर कोठे ना कोठे बहर असावा यासाठी पुष्कळ झाडे लागतात आणि एखादे पूज्य झाड पारासह राखल्याने ही गरज भागत नाही. रस्तारुंदीसाठी उंबर तोडण्याचा हुकूम काढण्यापूर्वी त्या परिसरात आणखी किती उंबर उरले आहेत, याची मोजदाद बंगळूरच्या आणि आपल्याकडीलही महापालिकांनी अवश्य करावी.