सर्व्हर संगणकातील दुसरा प्रोसेसर

दोन सॉकेट असलेल्या सर्व्हरच्या मदरबोर्डवर पहिल्या प्रोसेसरच्या जोडीला बसवल्या जाणाऱ्या स्वतंत्र प्रोसेसरला दुसरा प्रोसेसर म्हणतात. बँका, रुग्णालये, विद्यापीठे आणि हवामान संस्था यांच्या कामासाठी असे द्विप्रोसेसर सर्व्हर वापरले जातात. पुष्कळदा खरेदीच्या वेळी एकच प्रोसेसर घेतला जातो व दुसरे सॉकेट रिकामे ठेवले जाते. काम वाढल्यावर नवा सर्व्हर न घेता ते भरता येते. मात्र त्यासोबत मेमरी, वीज, शीतन आणि कामाची विभागणी यांचाही विचार करावा लागतो.

रचना

प्रोसेसर आणि गाभा (कोर) या दोन संज्ञांत गल्लत होऊ नये. एका प्रोसेसरमध्ये अनेक गाभे असतात, तर दुसरा प्रोसेसर म्हणजे गाभ्यांचा संपूर्ण दुसरा संच होय. पूर्वीच्या अनेक सर्व्हरमध्ये दोन्ही प्रोसेसर एकाच सामायिक नियंत्रकामार्फत मेमरीपर्यंत पोहोचत. एएमडी कंपनीच्या ऑप्टेरॉन प्रोसेसरमध्ये २००३ साली हा नियंत्रक प्रोसेसरच्या आतच आला. इंटेलच्या झिऑन ५५०० मालिकेत २००९ साली हीच रचना स्वीकारली गेली. तेव्हापासून अशा सर्व्हरमध्ये प्रत्येक प्रोसेसरला स्वतःच्या मेमरीचा वाटा असतो. दुसऱ्याच्या वाट्यातील माहिती दोघांना जोडणाऱ्या दुव्यावरून आणावी लागते व तिला अधिक वेळ लागतो. या असमान अंतराच्या रचनेला ‘नुमा’ म्हणतात.

यामुळे दुसरे सॉकेट रिकामे असेपर्यंत त्याच्याशी जोडलेल्या मेमरीच्या खाचा, तसेच काही विस्तार-कार्डांच्या खाचाही निष्क्रिय राहतात. प्रोसेसर बसवला पण त्याच्या वाट्याची मेमरी बसवली नाही, तर त्याला प्रत्येक वेळी शेजाऱ्याच्या मेमरीवर अवलंबून राहावे लागते. काही सर्व्हर अशा स्थितीत सुरूच होत नाहीत.

वेगवाढीची मर्यादा

दोन प्रोसेसर म्हणजे दुप्पट वेग, हा समज बरोबर नाही. जीन ॲमडाल यांनी १९६७ साली मांडलेल्या विचारानुसार कामाचा जो भाग क्रमानेच करावा लागतो, तो एकूण वेगवाढीला मर्यादा घालतो. कामाचा ९० टक्के भाग विभागण्याजोगा असेल, तर दोन समान प्रोसेसर वापरून वेग फार तर १.८२ पट होतो. ५० टक्के असेल, तर केवळ १.३३ पट. एकाच वेळी अनेक वापरकर्त्यांच्या स्वतंत्र मागण्या हाताळणाऱ्या सर्व्हरला दुसऱ्या प्रोसेसरचा लाभ अधिक होतो. अडथळा डिस्कच्या किंवा नेटवर्कच्या गतीचा असेल, तर हा खर्च वाया जाऊ शकतो.

बसवण्याची पद्धत

१. निवड : दोन्ही प्रोसेसर एकाच मॉडेलचे असावेत व ते द्विप्रोसेसर वापरासाठी बनवलेले असावेत. उदाहरणार्थ, झिऑन ई५-१६०० मालिका एका सॉकेटसाठी, तर ई५-२६०० मालिका दोन सॉकेटसाठी आहे. एएमडी एपिक प्रोसेसरच्या क्रमांकाअखेरचे ‘पी’ हे अक्षर एकाच सॉकेटचा वापर दर्शवते.

२. पूर्वतयारी : माहितीची प्रत सुरक्षित ठेवून बायोस अद्ययावत केले जाते. वीजपुरवठ्याची क्षमता तपासली जाते. त्यानंतर सर्व्हर रीतसर बंद करून विजेच्या सर्व तारा काढल्या जातात.

३. जोडणी : सॉकेटवरील संरक्षक झाकण काढून खुणेचे कोपरे जुळवले जातात व प्रोसेसर दाब न देता ठेवला जातो. काही प्रकारांत तो आधी हीट सिंकला जोडून मग दोन्ही एकत्र बसवतात. थर्मल पेस्टचा पातळ थर आवश्यक असतो. हीट सिंकचे स्क्रू निर्मात्याने दिलेल्या क्रमाने आवळले जातात.

४. मेमरी व शीतन : नव्या प्रोसेसरच्या खाचांत पहिल्याप्रमाणेच मेमरी बसवली जाते. आवश्यक तेथे अधिक पंखे लावले जातात.

५. तपासणी : सर्व्हर सुरू केल्यावर दोन्ही प्रोसेसर व संपूर्ण मेमरी ओळखली गेली आहे का, हे पाहिले जाते. नंतर काही तास पूर्ण भार देऊन तापमान तपासले जाते.

दक्षता

अनेक सर्व्हरमध्ये नाजूक पिना प्रोसेसरवर नसून सॉकेटमध्ये असतात. एलजीए ३६४७ या सॉकेटमध्ये त्यांची संख्या ३,६४७ आहे. त्यांतील काही वाकल्यास मदरबोर्डच बदलण्याची वेळ येऊ शकते. मुंबईसारख्या किनारपट्टीवरील शहरात दमट हवेमुळे स्थिर विद्युत कमी जाणवते. परंतु वातानुकूलित सर्व्हर-कक्षातील हवा कोरडी असल्याने भूसंपर्कित मनगटपट्टी वापरणे आवश्यक ठरते. गाभ्यांच्या संख्येवर आकारणी होणाऱ्या सॉफ्टवेअरचे परवाना-शुल्कही वाढते. विंडोज सर्व्हरला २०१६ च्या आवृत्तीपासून ही पद्धत लागू आहे.

महाराष्ट्रातील उदाहरण

सांताक्रूझ येथील भारतीय हवामान विभागाच्या वेधशाळेत २७ जुलै २००५ रोजी सकाळी संपलेल्या २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच अवधीत कुलाबा वेधशाळेतील नोंद सुमारे ७३ मिलिमीटर होती. एकाच शहरातील असा फरक टिपण्यासाठी हवामानाच्या गणिती प्रारूपात भूपृष्ठावर कल्पिलेली जाळी पुरेशी बारीक असावी लागते. जाळीतील अंतर निम्मे केल्यास बिंदूंची संख्या चौपट होते. कालखंडाचे टप्पेही निम्मे करावे लागत असल्याने गणन सुमारे आठपट वाढते.

हा भार एका प्रोसेसरला पेलणारा नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत (आयआयटीएम) जानेवारी २०१८ मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘प्रत्युष’ या महासंगणकाची क्षमता ४ पेटाफ्लॉप्स होती. त्याच्या प्रत्येक गणन-घटकात १८ गाभ्यांचे दोन झिऑन प्रोसेसर होते. त्याच वर्षी त्याच्या साहाय्याने १२ किलोमीटर जाळीचे जागतिक पूर्वानुमान सुरू झाले. केवळ संगणकशक्तीने अंदाज अचूक होत नाही. निरीक्षणे व प्रारूपांची गुणवत्ताही तितकीच महत्त्वाची असते. तथापि अंदाज वेळेत हाती येण्यासाठी गणन अनेक प्रोसेसरांत विभागणे अपरिहार्य आहे.