चाकातील हवेचा दिवा : भरवसा किती?

मेहकर, सिंदखेडराजाहून समृद्धी महामार्गाने मोटारीने जाणारे आमचे अनेक व्यापारी बांधव हवेच्या दिव्यावर विसंबतात. काही गाड्यांत चाकातील सेन्सर प्रत्यक्ष दाब मोजतो. इतर गाड्यांत दाब मोजलाच जात नाही! हवा उतरलेले चाक किंचित बसते, म्हणून जास्त फेरे घेते. एबीएसचे सेन्सर तेवढाच फरक टिपतात. चारही चाके सारखीच उतरली तर फरक दिसणार कोठून? अमेरिकेतील नियमही २५ टक्के घट झाल्यावरच इशारा मागतो. झिजलेला, चिरलेला टायर दिव्याला कळत नाही. म्हणून १२० च्या वेगाला लागण्यापूर्वी, टायर थंड असतानाच, गेजने हवा पाहावी. जुनी गाडी घेताना सेन्सरही तपासावेत. आतली बॅटरी संपली की बहुधा सेन्सरच बदलावा लागतो.