डिपस्टिकची साक्ष

अंबड-घनसावंगीकडील मोसंबीच्या बागांत राबणाऱ्या ट्रॅक्टरच्या इंजिनातील तेलाची पातळी मोजणे हे वरवर पाहता पोरखेळाचे काम; तथापि तेल नुकतेच बदललेले असले, म्हणजे ते इतके नितळ असते की गुळगुळीत डिपस्टिकवर त्याची रेघ नेमकी कोठे संपली, याची खातरजमा करणे मुरलेल्या मेकॅनिकलाही जड जाते. त्यातच, पट्टी ज्या नळीतून वर येते तिच्या आतल्या अंगास चिकटलेले तेल पट्टीला माखते आणि खोटाच दाखला देते. म्हणून वाहन सपाट जागी (शेताच्या उतारावर नव्हे) उभे करून, इंजिन बंद केल्यावर दहाएक मिनिटे तेल खाली निथळू द्यावे, किंवा सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वीच पट्टी काढून पुसावी, पुरती आत घालून पुन्हा काढावी, आडवी धरून उजेडात तिरकी न्याहाळावी, आणि दोन्ही बाजूंपैकी जिच्यावरील सलग ओल अधिक खाली थांबते, तीच बाजू ग्राह्य मानावी. काही कंपन्या निराळी रीत सांगतात; तेथे पुस्तिकेचाच हुकूम प्रमाण. एवढ्यानेही रेघ दिसेना, तर पट्टीवरील किमान व कमाल पातळीच्या दोन खुणांच्या दरम्यान बारीक पॉलिश पेपरने हलके आडवे ओरखडे काढून पट्टी स्वच्छ पुसावी. खरखरीत पृष्ठावर तेलाची ओल काळसर उमटते. लहान मोटारींत या दोन खुणांमधील अंतर बहुधा लिटरभराचे असते. ते ध्यानी न घेता अदमासाने ओतत राहिल्यास फिरता क्रँकशाफ्ट तेल घुसळून फेस करतो, आणि फेसाळ तेलाने बेअरिंगांचे वंगण पुरेसे होत नाही.