संकेत बदलतो तेव्हा : मराठीची दोन अक्षरे आणि माहितीपुस्तिकेची जबाबदारी

सॉफ्टवेअरचा इंटरफेस म्हणजे दोन आज्ञावलींमधील व्यवहाराचा करार होय, आणि माहितीपुस्तिका ही त्या कराराची लेखी प्रत. करार बदलला व प्रत जुनीच राहिली, तर तिच्यावर विसंबणारा प्रामाणिकपणे चुकतो. हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही, हे मराठीच्या दोन अक्षरांवरून स्पष्ट होते.

पहिले अक्षर ‘ॲ’. युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८ साली, त्यास ०९७२ हा स्वतंत्र संकेतांक मिळाला. तत्पूर्वी ‘अ’ला अर्धचंद्र जोडून ते साधले जाई. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच दिसू शकतात. परंतु युनिकोड त्यांना समतुल्य मानीत नाही. म्हणून जुन्या रीतीने जुळविलेल्या ग्रंथसूचीत ‘ॲरिस्टॉटल’ शोधणाऱ्यास तो सापडेलच असे नाही. ग्रंथ कपाटात असतो, अभ्यासकाच्या लेखी मात्र नसतो. युनिकोडच्या मानकग्रंथात जुनी जोडणी आता ‘वापरू नये’ या सदराखाली नोंदलेली आहे.

दुसरे उदाहरण आडव्या रफाराचे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे खोरी. इस्की या भारतीय मानकास अनुसरून हा रफार ‘ऱ’ला हलन्त जोडून लिहितात, युनिकोडच्या २.० आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून साध्या ‘र’ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह देण्याची रीतही ग्राह्य धरली आहे. मानकग्रंथाने दोन्ही नियम कारणांसह शेजारी शेजारी ठेवले आहेत. पाठचिकित्सेत संपादक पाठभेद पुसत नाही, त्याची नोंद ठेवतो. येथेही तेच घडले आहे.

यावरून काही तत्त्वे निष्पन्न होतात. इंटरफेसमधील बदल आणि पुस्तिकेतील दुरुस्ती एकाच वेळी प्रसृत व्हावी. जुना नियम काढून न टाकता तो कोणत्या आवृत्तीपर्यंत लागू होता, हे सांगावे. पुस्तिकेतील उदाहरणे यंत्राकडून वेळोवेळी चालवून पाहावीत. मात्र या तपासणीला मर्यादा आहे : जुना ‘ॲ’ पडद्यावर बिनचूक उमटू शकतो, अशा वेळी दोष उघडकीस येतो तो शोध घेताना. तेव्हा तपासणी रूपाची नव्हे, व्यवहाराची हवी. आणि नियमामागील कारण अद्याप खरे आहे काय, हे माणसानेच वाचून ठरवावे लागते.

भिलाईच्या कॅम्प-१ सारख्या हिंदीभाषी परिसरात मराठी मजकूर जुळविणाऱ्याला आडव्या रफाराविषयी विचारण्यास जवळ कोणी असेलच असे नाही. त्याला पुस्तिका हाच गुरू. ती कालबाह्य झाली, तर चूक त्याच्या हातून होते; उत्तरदायित्व मात्र पुस्तिका लिहिणाऱ्याचे राहते.