स्वप्न एकाचं, ओझं गावाचं

अमेरिकेत आणि युरोपात शमनविद्येचे शनिवार-रविवारचे वर्ग भरतात. मायकेल हार्नर या मानववंशशास्त्रज्ञाचं ‘द वे ऑफ द शमन’ १९८०मध्ये आलं आणि हा प्रकार फोफावला. ढोलाच्या एकसुरी ठेक्यावर डोळे मिटून पडायचं, मनाने ‘प्रवास’ करायचा, आपला रक्षक प्राणी शोधायचा आणि सोमवारी पुन्हा कामावर. त्याची टिंगल करावीशी मला वाटत नाही. माणसं तिथे जातात ती काहीतरी दुखतंय म्हणूनच. पण ज्या समाजांचं नाव घेऊन हे चालतं, तिथे स्वप्न पडलं की खरं काम सुरू व्हायचं ते इतरांचं. हा अर्धा भाग पश्चिमेने घेतलाच नाही.

सतराव्या शतकातले वेंडाट लोक घ्या. फ्रेंच त्यांना ह्युरन म्हणत. आजच्या कॅनडातल्या ओंटारिओत, ह्युरन सरोवराच्या जॉर्जियन आखाताजवळ त्यांची गावं होती. मका पिकवायचा आणि झाडांच्या सालींनी मढवलेल्या लांबलचक घरांत अनेक कुटुंबांनी मिळून राहायचं, मधोमध ओळीने चुली. त्यांच्याविषयीची बरीचशी माहिती जेझुइट पाद्र्यांनी लिहून ठेवली आहे. (आपले फादर स्टीफन्सही याच संघाचे. गोव्यात त्यांचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं १६१६मध्ये. त्यानंतर दहा वर्षांनी जाँ द ब्रेबफ वेंडाटांकडे पोचला आणि तोही आधी भाषा शिकायला बसला.) हे पाद्री वेंडाटांचा धर्म बदलायला गेले होते, त्यामुळे त्यांचं लिखाण पारखूनच घ्यावं लागतं. तरी ज्याच्याशी झगडायचं ते नीट समजून घेण्याची चिकाटी त्यांच्यात होती.

पॉल रागनो या पाद्र्याने १६४८च्या अहवालात वेंडाटांचं आजारपणाविषयीचं म्हणणं मांडलं आहे. काही आजार नैसर्गिक. त्यांना झाडपाला, घाम काढणं असे उपाय. काही करणीचे. तिसऱ्या प्रकारचे आजार मात्र जिवाच्या इच्छा अपुऱ्या राहिल्याने येतात. या इच्छा माणसाला स्वतःलाही ठाऊक नसतात, खोल दडलेल्या असतात, आणि त्या बोलतात स्वप्नातून. दाबून ठेवल्या तर जीव रागावतो आणि शरीरावर उलटतो. फ्रॉइडचं स्वप्नमीमांसेचं पुस्तक यायला तेव्हा अडीचशे वर्षं अवकाश होता. अँथनी वॉलेस या मानववंशशास्त्रज्ञाने १९५८मध्ये हे साम्य सविस्तर दाखवलं, आणि तेव्हापासून ते कौतुकाने सांगितलं जातं.

मला साम्यापेक्षा फरक मोठा वाटतो. फ्रॉइडच्या बंद खोलीत दोनच माणसं. एक बोलणार, दुसरा अर्थ लावणार, आणि त्यातलं काही बाहेर जाणार नाही. वेंडाटांकडे अर्थ कळला की इच्छा पुरवायची, आणि ती शेजाऱ्यापाजाऱ्यांनी. कुणाला मेजवानी हवी असे, कुणाला नाच, कुणाला एखादी वस्तू. आजाऱ्यासाठी लॅक्रॉसचा सामना भरवायचा असा उपाय वैदू सांगत, हे ब्रेबफने १६३६मध्ये नोंदवलं आहे. हिवाळ्यातल्या एका उत्सवात तर आजारी माणसं घरोघर जाऊन आपलं स्वप्न कोड्यात घालत. घरच्यांनी ओळखायचं. चुकलं तर दुसरं काही पुढे करायचं, आणि नेमकं सापडलं की आनंदीआनंद.

जेरोम लालमाँ या पाद्र्याच्या १६३९च्या अहवालात एक बाई भेटते. रात्री घराबाहेर पडली असता चंद्र उंच, सुंदर स्त्रीचं रूप घेऊन तिच्यापुढे उतरला. या बाईने तांबडे कपडे घालावेत आणि निरनिराळ्या जमातींनी तिला अमुक अमुक भेट द्यावी, असं त्या स्त्रीने सांगितलं. बाई आजारी पडली. तिला ओसोसाने या मोठ्या गावी आणायचं की नाही, हे तिथल्या पंचांनी बसून ठरवलं. हो म्हणणं म्हणजे खर्च, नाच, कोडी, दिवसचे दिवस मोडलेलं काम, आणि ते त्यांनी पत्करलं. दुखणं गेलं का, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. एका सामान्य बाईच्या स्वप्नावर पंचायत बसते, ही गोष्टच आजच्या कुठल्याही शहरातल्या आजाऱ्याला अद्भुत वाटेल.

यात सगळं गोडच होतं असं नाही. शत्रूने पकडून हाल केल्याचं स्वप्न पडलेल्या एकाला गावकऱ्यांनी खरोखरचे चटके दिले आणि शेवटी त्याच्याऐवजी कुत्रा मारला. थोडक्यात भोगलं की मोठं संकट टळतं, असा हिशोब. आणि १६३४ ते १६४०च्या दरम्यान गोवर-देवीसारख्या युरोपातून आलेल्या साथींनी निम्मे वेंडाट नेले, तेव्हा कुठल्याच स्वप्नाचा इलाज चालला नाही.

पश्चिमेला शिकायची घाई झाली की काय होतं, याचा नमुना मलायात सापडतो. किल्टन स्ट्युअर्ट हा अमेरिकन १९३०च्या दशकात तिथल्या सेनोई लोकांत काही काळ राहिला. हे लोक रोज सकाळी मुलांना स्वप्नं विचारतात, स्वप्नात वाघ दिसला तर पळू नकोस, तोंड दे असं शिकवतात, म्हणून त्यांच्यात हिंसा नाही की मनोविकार नाहीत, असं त्याने १९५१मध्ये लिहिलं. साठीच्या दशकातल्या अमेरिकेने ते डोक्यावर घेतलं. पुढे सेनोईंत दीर्घकाळ काम केलेल्या अभ्यासकांना अशी पद्धत आढळली नाही, आणि विल्यम डोमहॉफने १९८५मध्ये या दंतकथेवर पुस्तकच लिहिलं. आपणच स्वप्न पाहायचं आणि त्यात आपणच जिंकायचं, हे शिक्षण सेनोईंपेक्षा कॅलिफोर्नियाला अधिक शोभणारं होतं.

सेनोईंपैकीच तेमियार लोकांकडे खरं काय चालतं, ते मरिना रोझमन या संगीत-अभ्यासिकेने १९९१च्या पुस्तकात मांडलं. स्वप्नात झाडाचा, डोंगराचा, फुलाचा आत्मा भेटतो आणि माणसाला एक गाणं देतो. त्या गाण्याच्या बळावर तो पुढे रोग्यांवर उपचार करतो. पण एकट्याने गाऊन भागत नाही. त्याने ओळ टाकायची आणि बायकांनी बांबूच्या नळ्या आपटत ती झेलायची. कोरस नसेल तर उपचारही नाही.

याच्या थोडं जवळ जाणारा प्रयोग न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ माँटेग्यू उलमन यांनी सत्तरच्या दशकात केला. काही जण गोल करून बसतात, एक जण स्वप्न सांगतो. बाकीच्यांनी त्याला अर्थ सांगायचा नाही. हे स्वप्न मला पडलं असतं तर मला काय वाटलं असतं, एवढंच बोलायचं. त्यामुळे सांगणारा रोगी ठरत नाही आणि ऐकणारे वैद्य ठरत नाहीत. पश्चिमेला शिकता येण्याजोगं मला यातच अधिक दिसतं, ढोलात आणि पिसांत कमी. फक्त उलमनच्या बैठकीतून उठताना कुणावर काही देणं उरत नाही. वेंडाटांकडे ते उरायचं, आणि शेजाऱ्याला ते चुकवावं लागायचं, घरात मका कमी असला तरी.