अनिश्चिततेचें गणित आणि दामोदर कोसंबी

रत्नागिरीचा रस्ता मुंबई-गोवा महामार्गाला जेथें मिळतो, तो हातखंब्याचा तिठा कोंकणच्या प्रवाशांस चांगलाच परिचित आहे. तेथें येणारी पुढील मोटार कोणत्या वाटेनें वळेल, हें कोणासहि सांगतां येणार नाहीं. परंतु कित्येक दिवस नोंद ठेविल्यास शेंकडा किती गाड्या रत्नागिरीकडे वळतात, याचें प्रमाण बरेंचसें स्थिर दिसूं लागेल. एकेक घटना अनिश्चित, समूह मात्र नियमबद्ध, हें संभाव्यताशास्त्राचें बीज होय. अशी अनिश्चितता काळाच्या ओघांत पावलोपावलीं साठत जाते, तेव्हां तिला यदृच्छ प्रक्रिया म्हणतात. या शास्त्रांत मोलाची भर घालणारे एक गणिती म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी.

पालि वाङ्मयाचे पंडित धर्मानंद कोसंबी यांचे हे पुत्र. त्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजीं गोव्यांत झाला. १९२९ मध्यें हार्वर्डची पदवी घेऊन ते स्वदेशीं परतले. बनारस व अलीगढ येथें अध्यापन करून १९३३ मध्यें पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत आले.

संख्याशास्त्राकडे वळल्यावर त्यांनीं प्रयोगासाठीं निवडलीं तीं जुनीं नाणीं. तक्षशिलेस १९२४ मध्यें सांपडलेल्या साठ्यांतील चांदीचीं आहत नाणीं, म्हणजे ठसे उमटविलेले चांदीचे तुकडे, त्यांच्या अभ्यासाचा पाया ठरलीं. नाणें हातोहात फिरतें तसें झिजतें. प्रत्येक व्यवहारांत किती कण झडतील हें दैवाधीन. पण हजारों व्यवहारांचा हिशेब नियमानें चालतो. समजा, एक नाणें शंभर वेळां हात बदललें व दुसरें चारशें वेळां. दुसऱ्याची सरासरी झीज चौपट होईल. मात्र एकाच वेळीं पाडलेल्या नाण्यांमध्यें झिजेमुळें पडणारा फरक चौपट न होतां दुपटीनेंच वाढेल. म्हणून एका साठ्यांतील नाण्यांची सरासरी किती घटली आणि वजनें किती विखुरलीं, हें पाहून कोणतीं नाणीं अधिक काळ चलनांत होतीं, तें ताडतां येतें. याकरितां कोसंबी यांनीं हजारों नाणीं एकेक करून तोललीं. मागील बाजूवरील खुणा जसजशा अधिक, तसतसें सरासरी वजन कमी, असें त्यांस आढळलें. ज्या कालखंडाच्या बखरी नाहींत, त्याचा क्रम तराजू सांगूं लागला.

१९४३ मध्यें भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकांत त्यांचा जो निबंध प्रसिद्ध झाला, तो याहून खोल आहे. एका दिवसाचा पाऊस ही एक संख्या. परंतु साऱ्या पावसाळ्याचा आलेख ही एक संपूर्ण वक्ररेषा. दरवर्षीं निराळी येणारी ही रेषाच यदृच्छ मानली, तर तिचा अभ्यास कसा करावा? कोसंबी यांनीं दाखविलें कीं अशा रेषा कांहीं मूळ आकारांच्या बेरजेनें मांडतां येतात. प्रत्येक आकाराचा अंश वर्षागणिक बदलतो, पण हे अंश परस्परांशीं असंबद्ध राहतात. सर्वांत अधिक चढउतार ज्या आकारांत सामावतो तो पहिला, त्याखालोखाल दुसरा; असे थोडके आकार घेतले तरी बहुतेक माहिती हातीं येते. हवामानशास्त्र व चित्रसंस्करण यांत ही रीत आज उपयोगी पडते. तथापि तिला नांव मिळालें तें किंचित् मागाहून स्वतंत्रपणें तेथें पोंचलेल्या कारहूनेन व लोएव्ह यांचें. अलीकडे कांहीं लेखक कोसंबी यांचेंहि नांव त्यांत जोडतात. १९४४ मध्यें त्यांनीं गुणसूत्रांवरील अंतरें काढण्याचें एक सूत्र दिलें; आनुवंशिकतेच्या अभ्यासकांत तें आजहि त्यांच्याच नांवानें चालतें.

पुढें ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत गेले, आणि तेथें असतां त्यांनीं सर्वांत मोठें साहस केलें. २, ३, ५, ७, ११ या अविभाज्य संख्यांच्या वांटणीसंबंधीं रीमान यांनीं १८५९ मध्यें मांडलेली अटकळ कोणासच सिद्ध करतां आली नव्हती. बरोबर शंभर वर्षांनीं, १९५९ मध्यें, संभाव्यतेच्या मार्गानें आपण ती सिद्ध केल्याचें कोसंबी यांनीं प्रसिद्ध केलें. गणितज्ञांनीं तें मान्य केलें नाहीं. असल्या मार्गांतील अडचण मुळाशींच आहे. संभाव्यता समूहाविषयीं बोलते. ‘असें बहुतेक सर्वत्र घडतें’ एवढें ती सांगूं शकते. अविभाज्य संख्यांची मालिका मात्र एकच आहे, आणि तीच अपवाद नसेल कशावरून, या प्रश्नास निराळा पुरावा लागतो. ती अटकळ अद्यापि असिद्धच आहे. त्या दाव्यानें कोसंबी यांच्या गणिती लौकिकास धक्का बसला. १९६२ मध्यें त्यांचा त्या संस्थेशीं संबंध संपला, आणि २९ जून १९६६ रोजीं पुण्यांत त्यांचें निधन झालें.

इतिहासकार म्हणून त्यांची कीर्ति आज अधिक आहे. परंतु नाण्यांच्या झिजेंत जो नियम त्यांनीं पाहिला, त्यानेंच त्यांस इतिहासाच्या दारीं नेलें. एका निष्फळ दाव्यावरून त्यांच्या गणिताचें मोल ठरवूं पाहणें म्हणजे एकच नाणें तोलून साऱ्या साठ्याचें वय सांगण्यासारखें आहे.