सावलीतला प्रिमरोझ
पूर्व जॉर्जियातील लागोदेखीच्या ओल्या, सावलीतल्या खडकांवर युलिया म्लोकोसेविच यांना आढळलेली आणि त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी ‘प्रिम्युला जुली’ ही प्रिमरोझची जात उंच वाढत नाही. तिचे मूलक्षोड, म्हणजे मातीलगत आडवे सरकणारे खोड, जागोजाग मुळे सोडत पानांची चटई विणत जाते. तिचा गाजलेला जांभळा संकर ‘वांडा’ युरोपातील कडाक्याची थंडी सोसतो, पण कोरडे ऊन त्याला मानवत नाही. म्हणून तो पानझडी झाडांखाली, पालापाचोळ्याचे खत मिसळलेल्या ओलसर जमिनीत लावतात. काही वर्षांनी गड्डा मध्यभागी विरळ होतो, तेव्हा नुसत्या खताने तो सावरत नाही. फुले सरताच तो उपटून कडेचे मुळे धरलेले फुटवे वेगळे लावावे लागतात. गोगलगायी मात्र कोवळ्या पानांची चाळण करतातच.